आमच्या फिर्गजेत दोतोर्न घरापर्यंत न्यायचीय: कुणी केलंय का असं?

वसईकरीण | १५ जून, रात्री १०.४०

मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यात, बार्देशात आले त्याला अकरा वर्षं झाली. फिर्गजेचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, दोन ओळींत ओळखतील. (ज्यांना हे शब्द नवे त्यांच्यासाठी: वसईत आम्ही धर्मग्राम म्हणतो ते इथे फिर्गज, प्रमुख धर्मगुरू म्हणजे पाद्र विगार, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ती मीस, मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणजे दोतोर्न, जपमाळेची प्रार्थना म्हणजे तेर्स, सण म्हणजे फेस्त आणि पहिला ख्रिस्तप्रसाद म्हणजे पहिलं कोमुन्यांव. पहिल्या वर्षी शेजारच्या आजीने 'कुमसाराक वता गो?' असं विचारलं, तेव्हा मला वाटलं कुठल्यातरी बाजाराला निघाल्यात. पापनिवेदनाला निघाल्या होत्या.)

चार वर्षं तिसरीच्या मुलांना दोतोर्न शिकवतेय. आठच्या मीसनंतर पाऊण तास. फेस्तं, परीक्षा, फुटबॉलचे सामने आणि पाऊस वगळून वर्षाला तीसेक रविवार हाती लागतात. हिशोब केलात तर साडेबावीस तास. तेवढ्यात देव, येशू, दहा आज्ञा, कुमसार आणि पहिलं कोमुन्यांव. मुलं पाठ करतात, मी ऐकते, पुढच्या रविवारी विसरतात.

गेल्या वर्षी कोमुन्यांवच्या आदल्या आठवड्यात एका मुलाला सहज विचारलं, 'घरी तेर्स किती वाजता म्हणता?' तो म्हणाला, 'टीचर, तेर्स आजी म्हणायची. आजी वारली.'

बस, एवढंच बोलला आणि शर्टाच्या बटणाशी खेळत बसला. त्या घरातली प्रार्थना आजीबरोबर गेली, आणि मी त्याला सात संस्कारांची नावं विचारत होते.

तेव्हापासून डोक्यात आहे की एका वर्गापुरतं तरी हे उलट करून बघावं. शिकवणं घरात व्हावं, आईबापांकडून, आणि फिर्गजेने आईबापांच्या पाठीशी उभं राहावं. यात नवीन काही नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'घरातली ख्रिस्तसभा' म्हटलं. १९८३च्या धर्मविधिसंहितेत तर कलम ७७४ सांगतं की मुलांना श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी सगळ्यांत आधी आईबापांची, आणि ७७६ सांगतं की आईबापांच्या या कामाला पाद्र विगारने बळ द्यावं. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी आपण सगळे 'हो' म्हणतो, फोटो काढतो, जेवतो, आणि सात वर्षांनी पोराला दोतोर्नीच्या दारात सोडून मासळी घ्यायला जातो.

पाद्र विगारना बोलले. म्हणाले, 'कर, पण आधी कागदावर दे.' कागदावर काय देऊ ते कळत नाहीये. वर्गात बावीस मुलं, एकोणीस घरं. पोरं शाळेत इंग्रजी बोलतात, घरात बहुतेकांकडे कोंकणी, माझ्यासारख्या तीन-चार घरांत मराठी. मीस कोंकणीत. कुणी असं काही केलं असेल तर सांगा. फसलं असेल तर आधी सांगा.

कोकमसार | १५ जून, रात्री ११.०५

वाचतोय. मी डिचोलीचा, हिंदू, त्यामुळे सल्ला काय देणार. पण मासळीचं वाचून हसू आलं. आमच्या देवळातल्या संस्कार वर्गालाही पोरांना सोडून आईबाप थेट बाजार गाठतात. देव वेगळे, बाजार एकच.

जुनी_मास्तरीण | १६ जून, सकाळी ६.२०

मी सव्वीस वर्षं दोतोर्न शिकवली, मडगावच्या बाजूला. स्पष्ट बोलते, राग मानू नकोस.

आजच्या आईबापांना 'सत मानतां' ही श्रद्धेची प्रार्थना पूर्ण येत नाही. अर्ध्यावर ओठ हलवतात. ते काय शिकवणार? आमच्या वेळी 'देवान आमकां कित्याक रचलां?' (देवाने आपल्याला का घडवलं?) विचारलं की उत्तर तोंडात तयार असायचं. पाठांतराला तुम्ही लोक नावं ठेवता, पण माझी आई शेवटच्या आजारात नातवंडांची नावं विसरली, नमान मारिये ही मरियेची प्रार्थना विसरली नाही. आईबापांना गुंतवायचं म्हणजे काय होणार, ते मला माहीत आहे. जे येतात ते आधीपासूनच येणारे. ज्यांनी यायला हवं ते येणार नाहीत, आणि त्यांच्या पोरांना शरमेने मान खाली घालावी लागेल.

वसईकरीण | १६ जून, दुपारी २.१५

बाई, राग कसला. तुमचा शेवटचा मुद्दा मलाही छळतोय. पाठांतराबद्दल मात्र मी काही वाईट लिहिलं नव्हतं हो. तुमच्या आईचं वाचून मला उलट वाटलं, त्यांच्या तोंडी ती प्रार्थना दोतोर्नीने बसवली की रोज संध्याकाळी घरात म्हटल्याने बसली?

जुनी_मास्तरीण | १६ जून, रात्री ८.५०

घरात. तेर्स झाल्याशिवाय जेवण नसे.

साष्टीकार | १७ जून, सकाळी ९.३०

हा धागा मराठीत आहे म्हणून एक जुनी गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि चाळीसेक वर्षं इथेच, बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, राहिले. त्यांचं मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे तो दोतोर्नीचा. साष्टीतल्या एका देवळात (चर्चला ते देऊळच म्हणतात) मुलं जमलीत, आणि एक नवख्रिस्ती उठून विचारतो की आमची जुनी पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय? म्हणजे पोरांच्या दोतोर्नीत मोठ्यांचा प्रश्न निघाला, आणि त्याला उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या. प्रश्नोत्तरांची दोतोर्न स्टीफन्सनी कोंकणीत वेगळी लिहिली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली.

सांगायचा मुद्दा हा की प्रश्नोत्तरं आणि गोष्ट ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. वर्गात प्रश्नोत्तरं होतात. गोष्ट घरात सांगायची असते.

दुसरं म्हणजे, गोव्यातल्या घरात सगळंच संपलेलं नाही. आमच्या वाड्यावर अजून सायबीण (मरियेची मूर्ती) घराघरांतून फिरते. ज्या घरी ती उतरते तिथे त्या रात्री सगळा वाडा गोळा होतो. खुरसाजवळ (क्रुसाजवळ) लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते. संध्याकाळी आंजेलाची (प्रार्थनेची) घंटा झाली की 'बेसांव दी पाय' (आशीर्वाद द्या) म्हणत मोठ्यांपुढे हात जोडणारी पोरं कमी झालीत, पण आहेत. नवीन अभ्यासक्रम आणण्याआधी हे मोजा.

रोमीवालो | १७ जून, सकाळी १०.१०

पण घरी द्यायचे कागद कुठल्या लिपीत? आमची प्रार्थनेची पुस्तकं रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, आहेत. देवनागरीत दिले तर आमची माणसं हातात धरणार नाहीत. आणि मराठीत देणार असाल तर...

साष्टीकार | १७ जून, सकाळी १०.२५

सुरू झालं.

रोमीवालो | १७ जून, सकाळी १०.२७

सुरू काय झालं? व्यवहाराचा प्रश्न आहे.

वसईकरीण | १७ जून, दुपारी १.००

दोघांनाही विनंती, लिपीचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, मी तिथेही येते. इथे एवढंच ठरवते की ज्या घरात ज्या भाषेत पोराला झोपवतात त्या भाषेत कागद. तीन प्रकार काढावे लागले तर काढू, झेरॉक्सवाला ओळखीचा आहे.

अर्धाकप | १८ जून, रात्री ११.४५

फसलेलं आधी सांगा म्हणालात, म्हणून लिहितो. मुंबईच्या एका उपनगरातल्या आमच्या धर्मग्रामात नऊ वर्षांपूर्वी आम्ही हेच मोठ्या उत्साहाने सुरू केलं होतं. पहिल्या महिन्यात चाळीस कुटुंबं, चौथ्या महिन्यात अकरा.

का बुडालं? पहिलं कारण म्हणजे आम्ही. दर महिन्याला एका रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावायचो आणि माईक हातात घ्यायचो. आईबापांना वाटलं, आता आपलीही दोतोर्न सुरू झाली. आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळून आलेला माणूस रविवारी सकाळी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कुटुंबाच्या कर्तव्यावर तासभर भाषण ऐकणार? त्याच्या जागी मीही पळालो असतो. दुसरं, आम्ही घरी वापरायला एकशे वीस पानांचं पुस्तक दिलं. सुंदर होतं. बऱ्याच घरांत ते शोकेसमध्ये, बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीशेजारी उभं राहिलं. तिसरी चूक सगळ्यांत वाईट. हजेरीचं कार्ड काढलं, सह्या आणि शिक्के. शिक्के कमी तर पोराचा पहिला ख्रिस्तप्रसाद पुढे ढकलू, असं कुणीतरी म्हणून गेलं. दोन घरांनी धर्मग्रामच बदललं. एका आईने मला रस्त्यात विचारलं होतं, 'येशूने कुणाकडे कार्ड मागितलं होतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दीड वर्ष काही केलं नाही. मग एका फादरांनी चिलीबद्दल सांगितलं. तिथे १९७०च्या दशकापासून पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी आईबाप घरीच करून घेतात, दोन वर्षं. आईबापांचा छोटा गट नियमित भेटतो आणि तो गट फादर नाही, दुसरं एखादं जोडपं चालवतं. आम्ही ते आपल्या मापाने कापून घेतलं. चार-पाच घरांचा गट, चाळीतली किंवा सोसायटीतली. एक जोडपं पुढे, ज्यांची पोरं या वयातून गेलीत असं. 'शिकवणारं' नाही म्हणायचं त्यांना, यजमान म्हणायचं. महिन्याला एकच कागद, पाठपोट. त्यात शुभवर्तमानातली एक गोष्ट, मुलाने आईबापांना विचारायचा एक प्रश्न (उलट नाही!), आणि हाताने करायचं एक काम. घरी आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. जमलं नाही तर एकदा.

आईबापांना येत नाही, हे बाई म्हणाल्या ते खरं आहे. पण आईबाप घाबरतात ते न येण्याला नाही, पोरासमोर न येण्याला. म्हणून गटाच्या भेटीत आम्ही आधी त्यांनाच ती गोष्ट वाचून दाखवायचो आणि विचारायचो, यात तुम्हाला काय खटकलं? उधळ्या मुलाच्या गोष्टीवर (धाकटा पैसे उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो, घरी राबणारा थोरला रुसतो) एक बाप म्हणाला, 'मी थोरल्याच्या बाजूने आहे, त्याच्यावर अन्यायच झाला.' त्या रात्री पहिल्यांदा कुणी घड्याळ पाहिलं नाही.

तीन ते सहा वयाच्या पोरांसाठी मात्र वेगळं लागतं. रोममध्ये १९५४ साली सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी माँटेसरी पद्धतीवर 'चांगल्या मेंढपाळाची' शिकवण सुरू केली. त्यात मूल लाकडी मेंढ्या आणि मेंढपाळ हाताने हलवत गोष्ट समजून घेतं. आम्ही मेंढ्या पुठ्ठ्याच्या केल्या. पावसात सगळा कळप मऊ पडला.

एक सूचना गंभीरपणे. पोरांच्या खोलीत कधीही एकटा मोठा माणूस नको, दोन हवेत आणि दार उघडं हवं. ओळखीचीच घरं आहेत म्हणून यात ढिलाई नको.

कोकमसार | १९ जून, सकाळी ७.५०

थोरल्या मुलाच्या बाजूने मीपण. ही गोष्ट इथेच वाचून मग शोधली.

तारवटी | २१ जून, पहाटे ३.१०

बोटीवरून लिहितोय, नेट कधी जाईल सांगता येत नाही. पोरगी तिसरीत. वर्षातले आठ महिने मी पाण्यावर. 'आईबापांनी' असं लिहिता तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात फक्त आई असते, नाहीतर आजी. आमच्या गावात अर्धी घरं अशीच, कुणी बोटीवर, कुणी आखातात, कुणी पोर्तुगालचा पासपोर्ट करून इंग्लंडात. कार्यक्रमात आईबाप दोन खुर्च्यांवर शेजारी बसलेले दाखवलेत तर माझी बायको येणार नाही. मी तिला ओळखतो.

वसईकरीण | २१ जून, दुपारी १२.३०

हे मला सुचलंच नव्हतं. कागदावरून 'आईबाप' काढते, 'घरातलं मोठं माणूस' लिहिते. आजी, मावशी, पाद्रीन-माद्रीन (बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्म-आईबाप), कुणीही चालेल. पाद्रीन-माद्रीन हे खरं तर याच कामासाठी असतात, सोन्याच्या साखळीपुरते नव्हेत.

आणि दादा, तुम्ही गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठवाल का? नेट असेल तेव्हा. पोरीला बापाच्या आवाजात ऐकू दे.

फोंड्याची | २२ जून, संध्याकाळी ५.००

नवरा कॅथलिक, मी हिंदू, मुलगा सात वर्षांचा. लग्नाच्या वेळी त्याने चर्चला शब्द दिलाय की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवीन. मला तेव्हाच सांगितलं होतं, माझी हरकत नाही. पण दोतोर्नीच्या दारात मी गेले की सगळे गोड हसतात आणि मग कुणी काही बोलत नाही. मला प्रार्थना म्हणायला लावू नका आणि मला बाहेरही बसवू नका. याच्यामधलं काही असेल तर मी येईन. मुलाला गोष्ट मीच सांगते रात्री, नवरा दहाला येतो.

साष्टीकार | २२ जून, रात्री ९.१५

फोंड्याच्या ताई, तुम्ही गोष्ट सांगता ना, मग त्या घरचं काम तुम्हीच करताय.

यावरून आठवलं. बाणावलीचे संत जुझे वाझ १६८७ साली श्रीलंकेत पोहोचले तेव्हा डचांच्या अमलात तिथे कॅथलिक पाद्रींना बंदी होती. जाफना डचांनी १६५८ साली घेतलेलं, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं तिथे ना उघड मीस, ना दोतोर्न. असं सांगतात की हे भिकाऱ्याच्या वेशात गळ्यात तेर्साची माळ घालून दारोदार फिरले, कोण त्या माळेकडे ओळखीने बघतंय ते शोधत. आणि अशी घरं सापडली. त्यांना २०१५ साली संतपद मिळालं तेव्हा गोव्यात केवढे सोहळे झाले, पण त्या घरांबद्दल कुणी चार शब्द बोललं नाही. कुणीतरी आई, कुणीतरी आजी असणार त्या.

जुनी_मास्तरीण | २३ जून, सकाळी ६.०५

हे मी कधी वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

वसईकरीण | १९ ऑगस्ट, रात्री १०.२०

दोन महिने झाले, म्हणून लिहिते.

पाद्र विगारना अखेर एकच पान दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, 'माझं काम काय?' मी म्हटलं, 'फादर, प्रत्येक गटात एकदा येऊन चहा प्यायचा आणि भाषण करायचं नाही.' थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले. आजवर दोन गटांत आले आणि खरंच भाषण केलं नाही. एकदा सुरू होणार होते, आठवण केली.

एकोणीसपैकी चौदा घरं आली. वाड्याप्रमाणे चार गट. हॉल नाही, घरातच. खाण्यापिण्याचा थाट नको म्हणून नियम केला की चहा आणि पोदेराकडची कांकणां (पाववाल्याकडचे बांगडीसारखे कडक पाव), बाकी काही नाही. तरी एका घरी कटलेट निघाले. दुसऱ्या घरी मग सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा रस्सा). तिसऱ्या घरच्या आईने घाबरून फोन केला की माझ्याच्यानं एवढं होणार नाही, मी येत नाही. तेव्हा सगळ्या घरी फिरून पुन्हा सांगितलं, कांकणां म्हणजे कांकणांच. अर्धाकप, तुम्ही शिक्क्यांचं सांगितलंत, कटलेटांचं नाही सांगितलंत!

जुलैत चांगल्या मेंढपाळाची गोष्ट. ऑगस्टचा कागद १५ तारखेच्या सायबीणीच्या फेस्ताचा होता, आणि हाताने करायचं काम म्हणजे पातोळ्या. हळदीची पानं पोरांनी आणायची, सारण मोठ्यांनी, आणि वाफ येईपर्यंत एलिझाबेथला भेटायला गेलेल्या मरियेची गोष्ट. फोंड्याची ताई माझ्या ओळखीतून इथल्या एका गटात पाहुणी म्हणून आली होती. तिने सांगितलं की तिच्या माहेरी पातोळ्या नागपंचमीला होतात. पानाची घडी घालायची तिची पद्धत आमच्यापेक्षा सुबक. प्रार्थनेच्या वेळी ती बसून होती, शांत. मुलगा तिच्या मांडीवर.

पाच घरं आली नाहीत. त्यातल्या दोन घरी मी गेले. एका ठिकाणी आई हॉटेलात कामाला, रविवारच तिचा सगळ्यांत मोठा दिवस. तिला मंगळवारी दुपारी वेळ असतो. मंगळवारी मी आणि ती, एवढाच गट. दुसऱ्या घरी दार उघडलं नाही. बाकी तीन घरी जायचंय. त्या पाचही पोरांना रविवारी वर्गात काही वेगळं जाणवू नये म्हणून घरी काय केलं हे मी वर्गात विचारतच नाही. बाई, हे तुमच्यामुळे.

पाठांतर बंद केलेलं नाही. 'आमच्या बापा' आणि 'सत मानतां' वर्गात होतंच.

आणि तो मुलगा, आजीवाला. तो आता चौथीत, माझ्या वर्गात नाही. पण त्याची धाकटी बहीण तिसरीत आहे, म्हणून घर गटात आलं. त्याच्या वडिलांनी आजीचं तेर्साचं पुस्तक आणलं होतं, रोमीतलं, पानं सुटलेली. त्यांना वाचता येतं पण मोठ्याने वाचायची लाज वाटत होती. पोराने त्यांच्या हातातून घेतलं आणि वाचलं. अडखळत, इंग्रजी वाचावं तसं. एका शब्दाला सगळे हसले, तोही हसला.

रोमीवालो | १९ ऑगस्ट, रात्री १०.४५

रोमीतलं ना? बघा.

साष्टीकार | १९ ऑगस्ट, रात्री १०.४६

बघितलं, बघितलं.

तारवटी | २२ ऑगस्ट, पहाटे ४.४०

मेंढपाळाची गोष्ट रेकॉर्ड करून पाठवली होती. मागे इंजिनाचा आवाज येतो. बायको म्हणते, पोरगी रोज लावते आणि इंजिनाचा आवाजही काढते.

अर्धाकप | २२ ऑगस्ट, सकाळी ८.३०

कटलेटांचं खरंच विसरलो. आमच्याकडे केक होता. ऑक्टोबरात काय करताय? रोझरीचा महिना, तेर्स सगळ्या घरांत जाईलच.

वसईकरीण | २२ ऑगस्ट, दुपारी ३.००

तेर्सच, पण पूर्ण पन्नास मणी नाहीत. सुरुवातीला दहाच. मण्यांची माळ पोरांनी घरी ओवायची, सुताची. पाद्र विगार म्हणाले दहा फार कमी होतात. मी म्हटलं, शून्यापेक्षा दहा जास्त आहेत. कागद तीन भाषांत पुढच्या आठवड्यात छापायला टाकतेय.

जुनी_मास्तरीण | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

अक्षर मोठं ठेव. तुझ्या पहिल्या कागदाचा फोटो कुणीतरी मला पाठवला होता, मुंग्यांची रांग वाटली. संध्याकाळी दिव्याखाली हे वाचणार कोण आहे, ते बघ. आणि एक प्रत मला पोस्टाने पाठव, कोंकणी रोमीतली.

वसईकरीण | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ७.२५

पाठवते बाई. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. अक्षर किती मोठं?

जुनी_मास्तरीण | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०

अठरा.